अण्णांनी भाकर नाकारली

पाळकसाहेब यायची वेळ झाली तरी उत्तराच्या ब्रेडच्या कडा कापून व्हायच्या होत्या. पांढरे चौकोनी तुकडे ताटलीत आणि तपकिरी कडा तोंडात, असं तिचं चाललं होतं. चर्चमध्ये येशूच्या आठवणीने वाटतात त्या प्रभुभोजनाच्या तुकड्याला ख्रिस्ती मंडळीत भाकर म्हणतात, मग ती मुलुंडच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली का असेना. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने सासूला विचारलं होतं, आई, ह्या कडा खाल्ल्या तर पाप नाही ना? सासरी, हिवाळ्यांच्या घरात, असं विचारूनच खावं लागे.

"पाप... पापपा... पाप..." बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"झालं सुरू," ती पुटपुटली आणि हात पुसत उठली.

बाहेर पलंगावर अण्णा होते, तिचे सासरे मार्तंड हिवाळे. नाताळानंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीस वर्षं ते मंडळीतले वडील होते, म्हणजे कुणी चुकलं तर त्याला उभं करून जाब विचारणाऱ्या चौघांपैकी एक. त्या तोंडातून आता लाळ गळायची आणि हा एवढाच आवाज निघायचा. आवाज काढताना ते डावा हात उचलून पुढच्या दाराकडे दाखवायचे. दिवसातून किती वेळा, त्याला सुमार नव्हता.

त्याचा अर्थ घरात एका बैठकीत ठरून गेला होता. उत्तराचा नवरा श्यामसुंदर बँकेत हेडक्लार्क. कुठल्याही गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. "दार म्हणजे आपली क्षमा," तो बहिणीचं नाव घेऊन म्हणाला. "त्याच दारातून गेली ना ती? आणि पाप म्हणजे तिचं पाप. तिने कबूल केल्याशिवाय अण्णांचा जीव सुटायचा नाही." रत्नप्रभाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, डोळ्यांना पदर लावून मान डोलावली. अण्णांना भरवणारी, पुसणारी, त्यांची कूस बदलणारी उत्तरा तिथेच उभी होती, पण तिला कुणी विचारलं नाही. क्षमा येईल, रडेल आणि जाईल, दुसऱ्या दिवशी चादर मलाच बदलायचीय, एवढंच तिच्या मनात आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा आवाजावरून एवढा मोठा निकाल? अहो, ज्या घरात दूध उतू गेलं तर आळसाचं पाप निघायचं आणि पोराने पतंग उडवला तर रविवार मोडल्याचं, त्या घरात दुसरं काय ऐकू येणार!

*

क्षमा जिन्यात थांबली.

"आता काय?" श्यामसुंदर दोन पायऱ्या वरून म्हणाला. सकाळीच कांदिवलीला जाऊन त्याने तिला आणलं होतं. ती मध्येच परत फिरेल की काय, ही धास्ती त्याला वाटभर होती.

"दम लागला रे दादा."

दम-बिम काही लागला नव्हता. वरच्या मजल्यावरचं दार दिसलं होतं. त्याला आता हिरवा रंग दिला होता, पण लॅच तेच होतं. बाहेर उभ्या माणसाला आत कोण आहे, कोण नाही, याचा पत्ता लागू न देणारं.

गुणाजी परबाशी तिने रजिस्टर लग्न केलं तेव्हा ती एकवीसची होती. गुणाजी भांडुपचा, मूळ मालवणकडचा, हिंदू. पुढच्याच रविवारी उपासनेत अण्णा स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मुलीला प्रभुभोजनातून काढून टाका. कुणी मागणी केली नव्हती. पाळकसुद्धा नको नको म्हणत होते. वर्षभराने क्षमाला मुलगा झाला, आणि चार महिन्यांचा असताना त्याला हगवण लागली. गुणाजी आईला घेऊन गावी गेला होता. रात्रभर पोर जुलाबाने पिळवटून निघालं आणि सकाळी ती त्याला पोटाशी धरून मुलुंडला आली. मोठ्या हॉस्पिटलात ती कधी एकटी गेली नव्हती. कुणीतरी सोबत यावं, इतकंच तिला हवं होतं. तिने दार ठोठावलं, पुन्हा पुन्हा ठोठावलं. पण रविवार होता, उपासनेची वेळ होती, घरात कोण असणार? ती ह्याच पायरीवर बसून राहिली. मग एकटीच गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं, बाई.

हॉस्पिटलातल्या ओळखीच्या कुणाकडून तरी बातमी कळली, आणि त्याच संध्याकाळी श्यामसुंदर भांडुपला आला आणि अण्णांचा निरोप सांगून गेला. पापाची माफी असते, पण पापाचं फळ चुकत नाही. तिकडे गावाहून परतलेली सासू, सुंदराबाई, तिने कपाळावर हात मारला. परक्या धर्माची पोर घरात आली म्हणून गावचा देव कोपला, असं तिचं म्हणणं. बाकी कशात दोन घरांचं कधी पटलं नाही, पण क्षमामुळे पोर गेलं यावर दोघांचं एकमत झालं. एकटा गुणाजी तेवढा म्हणायचा, "पोराच्या अंगातला पाणी आटला. ह्यात तुजो देव खंय इलो, आणि माजो तरी खंय इलो?" पण तो तर गुणाजी. त्याला कुठल्याच देवाची भीती नव्हती.

पुढे ते कांदिवलीला राहायला गेले, नीला झाली. ती आता शाळेत जात होती. पण तिचं अंग जरा तापलं की क्षमा स्वयंपाकघराचं दार लोटून गुडघ्यावर बसायची. माझं पाप हिच्याकडून वसूल करू नकोस रे बाबा, अशी विनवणी करायची. नवऱ्याने दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा दार पुन्हा लोटून बाहेर गेला. आज निघतानाही तो म्हणाला होता, "मी येवचंय नाय. माका बघून म्हाताऱ्याक दुसरो झटको येतलो. पण तू जा. जा आणि मोकळी हो."

मोकळी व्हायचं होतं. त्यासाठीच ती आली होती. एका ताटलीतली भाकर अण्णांबरोबर खायची, त्यांच्या तोंडून नाही तर निदान डोळ्यांतून 'झालं' असं ऐकायचं, आणि मग नीलाला ताप आला तर क्रोसिन देऊन झोपायचं.

"हे बघ," श्यामसुंदर समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाळकसाहेब विचारतील तेव्हा जास्त फाटे फोडू नकोस. मी आईवडिलांची आज्ञा मोडली, मंडळीचा नियम मोडला, मी पाप केलं. संपलं."

"आणि बाळाचं?"

श्यामसुंदरने किल्ली चाचपली. "ते पण बोल. अण्णांना बरं वाटेल."

*

"जेवलीस का?" रत्नप्रभाबाईंनी दारातच विचारलं. मुलगी घर सोडून गेल्यापासून दोनदाच दिसली होती, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. काय काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं होतं, आणि तोंडातून आलं हे.

"जेवून आले गं आई."

"थोडा भात टाकते. वांग्याची भाजी आहे तुझ्या आवडीची..."

"आई, आधी प्रभुभोजन," श्यामसुंदर म्हणाला.

क्षमा पलंगापाशी गेली. केवढा माणूस, केवढासा झाला होता! पांढरी दाढी वाढलेली, ओठ एका बाजूला ओघळलेले. ती वाकली आणि म्हणाली, "पपा, मी आलेय."

उत्तरा मागे द्राक्षरसाचे छोटे पेले मांडत होती. तिचा हात थबकला. पपा? ह्या घरात तर सगळे अण्णा म्हणतात. आईसुद्धा कुणाजवळ बोलताना अण्णाच म्हणतात. ती सून होऊन आली ती क्षमा घर सोडून गेल्यावर. क्षमा कॉन्व्हेंटात शिकलेली एकटीच, आणि तीच तेवढी अण्णांना पपा म्हणायची, हे उत्तराला कुणी सांगायचं कारणच पडलं नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. सासू भात टाकायला वळली होती.

अण्णांचा चेहरा थरथरला. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून तोच आवाज एका दमात, न तुटता, "पापापापापा..."

"बघितलंस?" श्यामसुंदर हलकेच म्हणाला. "तुला बघितलं आणि लगेच तेच."

क्षमाने मान खाली घातली.

*

पाळकसाहेब आले ते सायकल जिन्याखाली लावून, घामाघूम होऊन. धोंडिराम पाटोळे वयाने तिशीतले, नगरकडून नुकतेच बदलून आलेले. अण्णांचा दरारा त्यांनी नुसता ऐकला होता. "सलाम, सलाम," करत त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि ते बसतात तोच श्यामसुंदरने विषयाला हात घातला.

"पाळकसाहेब, माझी बहीण आज पापांगीकार करणार आहे, सगळं कबूल करणार आहे. मग तिला भाकर द्यायची. अण्णांच्या डोळ्यांदेखत. तेवढ्यासाठीच ते थांबलेत."

"श्यामसुंदरराव, लग्न केलं म्हणून..." पाळक चाचरले. "म्हणजे नियम आहे, नाही असं नाही. पण चौदा वर्षं कुणाला भाकरीपासून..."

"लग्नाचं एक झालं. त्याचं फळ म्हणून मूल गेलं तिचं."

पाळकांचा चेहरा उतरला. "आईच्या पापासाठी देव बाळाला मारतो, असं मी कधी शिकवलेलं नाही."

"तुम्ही नसेल शिकवलं. अण्णांनी शिकवलंय."

"श्याम," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "साहेबांना पाणी तरी पिऊ दे." त्यांना हा विषय नको होता. नातू गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मंडळीतल्या बायका भेटायला आल्या तेव्हा अण्णा म्हणाले होते, ह्या घरातलं कुणी मेलेलं नाही, रडायचं कारण नाही. त्या रडल्या नव्हत्या. नवऱ्याचं ऐकायचं, तेही बायबलच्या वचनात आहेच की! त्या रात्रीपासून त्यांना धड झोप लागली असेल तर शपथ.

प्रार्थना झाली. पाळकांनी ताटलीवरचा रुमाल बाजूला केला. मग म्हणाले, "भाकर घेण्याआधी ज्याने त्याने आपलं मन तपासावं. कुणाचं काही चुकलं असेल, तर..." आणि ते थांबले. सगळे क्षमाकडे बघत होते.

ती उभी राहिली. जिन्यात पाठ केलेलं आठवेना. शेवटी जे आलं ते आलं.

"मी पपांची आज्ञा मोडली. मला वाटलं होतं, मूल झालं की त्यांचा राग जाईल. राग गेला नाही, मूल गेलं. माझ्यामुळे गेलं. मी ते मान्य करते. आता माझ्या नीलाला काही होऊ नये. बस, एवढंच मागते मी. प्रभूने मला माफ करावं, आणि पपांनी पण."

रत्नप्रभाबाईंना हुंदका आवरेना. श्यामसुंदरने सुटकेचा श्वास टाकला. पाळकांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि रीतीप्रमाणे आधी आजाऱ्याच्या ओठांशी नेला.

अण्णांनी तोंड मिटलं.

"अण्णा, भाकर आहे," पाळक म्हणाले.

अण्णांनी मान भिंतीकडे फिरवली. घट्ट मिटलेल्या ओठांवर तुकडा टेकला आणि चुरा होऊन उशीवर पडला. तीस वर्षं मंडळीत ज्या माणसाने भाकरीची ताटली फिरवली, त्याने भाकर नाकारली! पाळकांचा हात तसाच हवेत राहिला. असलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

"अहो, असं काय करता?" रत्नप्रभाबाई पुढे धावल्या. "तोंड उघडा. पोरगी आलीय ना! बोलली ना ती सगळं!"

"पाप! पापपा!" डावा हात दाराकडे गेला.

"सगळं नाही बोलली," श्यामसुंदर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "क्षमा, अजून काहीतरी राहिलंय. अण्णांना कळतंय. तू काहीतरी लपवतेयस."

"काय लपवू रे दादा? काही उरलंय का लपवायला?"

"लग्नाआधी काही... म्हणजे ते मूल..."

"श्याम!" रत्नप्रभाबाई ओरडल्या.

क्षमाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं होतं आज सुटेल, आणि इथे खड्डा आणखी खोल निघाला. ती काय बोलणार होती कोण जाणे, पण तेवढ्यात अण्णांनी डाव्या मुठीने पलंगाच्या लाकडावर मारलं. टक टक टक. मग थांबले. पुन्हा टक टक टक. आणि दाराकडे बोट.

"कोण आलंय?" पाळकांनी वळून पाहिलं.

दारात कोणी नव्हतं.

"पापा," अण्णा म्हणाले. जीव एकवटून, घशाच्या शिरा ताणून. "पापा... दाऽ... उध... पापा... गाऽ... पोऽ... गाऽ..."

उत्तरा ताटली ठेवून पुढे आली. सासऱ्यांच्या तोंडातले शब्द ओळखायची तिला एव्हाना सवय झाली होती. पाण्याला आई, औषधाला ओशो, चादरीला चाचा. "दाऽ म्हणजे दार," ती म्हणाली. "उध... उघड? दार उघडा. आणि गाऽ... गार. पोर गार... गार झालंय? पडलंय?"

अण्णांनी मान हलवली. जोरजोरात हलवली.

"पपा, दार उघडा," उत्तरा सावकाश म्हणाली. "पोर गार पडलंय." आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमगलं, तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! क्षमाताई, हे पाप म्हणतच नाहीत. हे पपा म्हणतायत. आज तुम्ही हाक मारलीत तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पाप नाही हो, पपा!"

कुणाला काही कळेना. क्षमा मात्र दोन पावलं मागे सरकली आणि तिची पाठ कपाटाला लागली.

"हे मी बोलले होते," ती म्हणाली. "दाराशी. त्या दिवशी. पपा, दार उघडा, पोर गार पडलंय. हेच बोलले होते. शब्द न् शब्द."

"मग? तूच सांगितलं असशील कधीतरी कुणाला," श्यामसुंदर म्हणाला.

"कुणाला सांगणार? घरात कोणी नाही म्हणून गेले मी. बंद दाराशी काय बडबडले ते कुणाला सांगतं का माणूस? गुणाजीला पण नाही सांगितलं." तिचा आवाज फाटला. "दादा, हे फक्त दाराच्या आतल्या माणसालाच ठाऊक असणार रे!"

खालच्या बोळात भंगारवाला ओरडत गेला.

"शक्यच नाही," श्यामसुंदर म्हणाला. "रविवार होता. अण्णा उपासनेला होते. अण्णा कधी रविवार चुकवत नाहीत. डॉक्टर म्हणालेत मेंदूवर परिणाम झालाय, भ्रम होतात. उत्तरा, तू उगाच अर्थ लावत बसू नकोस."

"पाय मुरगळला होता," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या रविवारी. बाथरूममध्ये घसरले होते. मी आणि तू गेलो, हे घरी होते. तेवढा एकच रविवार." त्या पलंगाच्या कठड्याला धरून खाली बसल्या, सरळ फरशीवर. "मी दुसऱ्या दिवशी विचारलं, अहो, क्षमा येऊन गेली म्हणतात शेजारी, दार वाजलेलं ऐकलंत का? म्हणाले, गोळी घेऊन झोपलो होतो. झोपलो होतो म्हणाले मला."

पाळक पलंगावर वाकले. "अण्णा, तुम्ही जागे होतात?"

अण्णांनी मान हलवली. हो.

"दार ठोठावलेलं ऐकलंत?"

हो.

"मुलीचा आवाज ओळखलात?"

हो. डोळ्यांतून धार लागली होती आणि ती दाढीत उतरत होती.

"बाळ आजारी आहे, हे कळलं होतं तुम्हाला?"

अण्णांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

"देवा रे," पाळक म्हणाले. ती प्रार्थना नव्हती, नुसतं तोंडातून निघून गेलं.

*

"का?" क्षमाने विचारलं.

ती पलंगापाशी आली होती. "का नाही उघडलंत, पपा? राग होता? मला चालला असता राग. दोन थोबाडीत द्यायच्या होत्या आणि रिक्षात बसवून द्यायचं होतं. का नाही उघडलंत?"

"पापा," अण्णा म्हणाले. "पापा... पापा..."

यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. हट्ट होता की वाटलं थोडा वेळ रडू दे मग उघडू, की लंगडत उठेपर्यंत ती उतरून गेली होती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"आणि संध्याकाळी निरोप धाडलात," क्षमा म्हणाली. "पापाचं फळ चुकत नाही. ह्या दादाच्या हातून धाडलात. तुम्हाला ठाऊक होतं सगळं, आणि ते माझ्या गळ्यात अडकवलंत! तेरा वर्षं मी माझ्या पोराला मी मारलं म्हणून जगतेय हो. नीला शिंकली तरी मी गुडघ्यावर बसते."

श्यामसुंदर खुर्चीत बसला होता. तो निरोप त्याने पोहोचवला होता, आणि वर स्वतःची दोन वाक्यंही जोडली होती, तीही चांगली तयारी करून. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"क्षमाबाई," पाळक हळूच म्हणाले, "त्यांनी भाकर का नाकारली ते आता कळलं. आज पापांगीकार तुमचा नव्हता, त्यांचा होता. किती महिने करतायत बिचारे, आणि आपण सगळे ऐकतोय भलतंच. देवाजवळ त्यांना माफी आहे. तुम्ही जर..."

"देवाजवळ आहे ना? मग झालं तर."

"देवाची त्याच्यापाशी. तुमची तुम्हीच द्यायची."

"माफ केलं की पोर परत येतं?"

"नाही," पाळक म्हणाले. "जे झालं ते झालंच. माफीने ते पुसलं जात नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

"मग माफी कशाला असते, साहेब?"

पाळकांनी ताटलीवर रुमाल पुन्हा घातला. "त्यानंतर त्या गोष्टीकडे बघता येतं," ते म्हणाले. "त्यांनाही आणि तुम्हालाही. आत्ता बघवत नाहीये ना कुणालाच?"

क्षमाने अण्णांकडे पाहिलं. प्रयत्न केला तिने, खरंच केला.

"नाही," ती म्हणाली. "केली माफ असं म्हटलं तर ते खोटं होईल. खोटं बोलू नये, हे मला ह्यांनीच शिकवलंय."

"क्षमा, अगं ते मरणाच्या दारात आहेत!" श्यामसुंदर खुर्चीतून उठला. "आज तू नाही म्हणालीस आणि रात्री त्यांचं काही बरंवाईट झालं तर? ते पाप कुणाच्या माथ्यावर..."

"श्याम!" रत्नप्रभाबाई फरशीवरून उठल्या. ह्या घरात त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. "तो शब्द ह्या घरात पुन्हा काढलास तर जीभ हासडीन तुझी. माझा नातू होता तो. मला रडू पण नाही दिलं तुम्ही दोघांनी." आणि त्या रडल्या, उभ्याउभ्या, गळा काढून, तेरा वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तशा. उत्तराने त्यांना धरलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

क्षमाने आईच्या पाठीवरून हात फिरवला. चप्पल घातली. दारापर्यंत गेली. मग चप्पल काढून परत आली. उशीवरचा भाकरीचा चुरा तिने तळहातावर गोळा केला आणि पाळकांच्या हातात दिला. उत्तराच्या खांद्यावरचा पंचा घेतला आणि अण्णांची दाढी पुसली. पुसताना तिचा हात जड पडत होता, हळुवार नव्हता.

"पपा, इकडे बघा," ती म्हणाली. "मला जमत नाहीये. उद्या येईन. उद्याही नाही जमलं तर परवा येईन. कांदिवलीहून इथवर दोन बस बदलून रोज येईन आणि इथे बसून प्रयत्न करीन. किती दिवस लागतील मला माहीत नाही. पण जमेपर्यंत तुम्ही मरायचं नाही. ऐकलंत? तोवर मरायचं नाही."

अण्णांनी मान हलवली. हो. पुन्हा हो. क्षमा जिना उतरून गेली तरी ती मान हलतच होती.